जवादच्या टाकीचं पाणी

समाहीज, बहरीन
६ मार्च १९८८

मरहून, माझ्या भावा,

तुला, तुझ्या बायकोला आणि पोरींना सलाम. आम्ही ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

चाळिसाव्या दिवसाच्या दुव्याला तुला येता आलं नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. माझा जवाद गेल्याचं कळल्याबरोबर तू जेद्दाहून मिळेल त्या बसनं निघालास, ते सगळ्या गावानं पाहिलं. सख्ख्यांना जमलं नाही. तुझी आई तुला जन्म देऊन गेली तेव्हा माझ्या आईनं आपल्या दोघांना एकदमच पाजलं, ते दूध वाया गेलं नाही, असं हाजी मक्कीसुद्धा म्हणाले. आणि माझे यजमान कुणाबद्दल बरं बोलतात कधी?

फोन का करत नाही म्हणशील. फोन बैठकीच्या खोलीत, हाजींच्या उशाशी. मला जे विचारायचंय ते त्यांच्यासमोर विचारायचं नाही.

जवादच्या टाकीचं पाणी गढूळ झालंय. तांदूळ धुतल्यावर येतं तसं. तो गेला तेव्हा पाणी लख्ख होतं. मग पांढरट झालं, आता पलीकडचं काही दिसत नाही. केशरी पट्ट्याच्या जोडीतला एक मेला. उरलेले वर येऊन तोंडं उघडतात. पाणी बदलून पाहिलं, काच पुसली, काही उपयोग नाही. नवा फिल्टर लागेल असं वाटतं, पण कुठला, ते मला कोण सांगणार? हा नाद तू त्याला लावलास, आता निस्तरायचंही तूच.

आठवतंय ना, त्या सिकलसेलपायी डॉक्टरांनी त्याला गार पाण्यात उतरायची बंदी केली होती? हाडं अशी ठणकायची की पोर चादर दातांत धरायचं. बाप पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारा, आणि पोराला गुडघाभर पाण्याची चोरी. तू ती टाकी पाठवलीस तेव्हा मला म्हणाला, "युम्मा, बाबांना सांग, माझा समुद्र त्यांच्यापेक्षा लहान आहे, पण मासे माझ्याकडे जास्त आहेत." त्यानं सगळ्यांची नावं ठेवली होती. पिवळी गुबगुबीत जोडी म्हणजे तू आणि तुझी बायको. एक काळा-पांढरा पट्टेवाला आहे, सदा रागावलेला, कोणी जवळ आलं की अंगावर धावतो. त्याचं नाव हाजी. हे हाजींना माहीत नाही. तू सांगितलंस तर याद राख.

हाजींनी मला सांगून टाकलंय, "टाकीत एक जरी मासा जिवंत असला तरी मी त्या खोलीला हात लावणार नाही. शेवटचा मेला की टाकी बाहेर, कपडे गरिबांना आणि दाराला कुलूप." ते त्या खोलीत पाऊलही टाकत नाहीत. मी रोज संध्याकाळी दार लावून आत बसते. तिथं काय करते ते विचारू नकोस.

मला ती खोली हवी आहे, मरहून. मासे जगव.

तुझी बहीण
उम्म जवाद
(लोक अजून याच नावानं, जवादची आई म्हणून, हाक मारतात. पहिल्या हाकेला ओ देता येत नाही.)


जेद्दा
२१ मार्च १९८८

उम्म जवाद,

दुसऱ्या नावानं हाक मारणाऱ्याची जीभ झडो. तू उम्म जवाद होतीस, आहेस.

तुझं पत्र दुकानात उघडलं आणि लगेच बंद केलं, गिऱ्हाईक समोर होतं. शोभेचे मासे विकणारा माणूस रडला तर लोकांना वाटतं मालात खोट आहे. रात्री घरी नीट वाचलं. पिवळी जोडी म्हणजे आम्ही दोघं, हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गुबगुबीत तू असशील."

आता कामाचं. मासेवाल्याकडे फिल्टर तीन जातीचे असतात.

पहिला जवादकडे आहे तो. खाली जाळीची पाटी, तिच्यावर शिंपल्यांची वाळू. हवेचा पंप बुडबुडे सोडतो, त्यांच्या ओढीनं पाणी वाळूतून झिरपतं आणि घाण वाळूत अडकते. साधा, पण इमानी. मात्र एकदा वाळू बिघडली की पाणी पांढरं होतं, तुझं झालंय तसं.

दुसरा बंद डबा. टाकीच्या बाहेर ठेवायचा. आत स्पंज आणि कोळसा, वर विजेची मोटर. पाणी नळीनं येतं, गाळून परत जातं. चांगला आहे, पण उघडून धुवायचा म्हणजे ताकद लागते, आणि तुझी मनगटं मला माहीत आहेत.

तिसरा फेसाची नळी. उभी नळी, तिच्यात पंपानं अगदी बारीक बुडबुडे सोडायचे. खाऱ्या पाण्यातली चिकट घाण त्यांना धरून वर येते आणि फेस होऊन वरच्या वाटीत सांडते. मटण शिजताना वर आलेला फेस तू पळीनं काढतेस ना, तेच काम. वाटी रोज धुवायची की झालं. गोड्या पाण्यात असा फेस धरत नाही, हा मान फक्त समुद्राच्या पाण्याचा.

तुझ्यासाठी मी फेसाची नळी निवडली आहे. सोबत जुन्याच्या दुप्पट जोराचा पंप. दम्मामला जाणारा एक ओळखीचा ट्रकवाला आहे, समुद्रावरच्या पुलावरून बहरीनला भाजी नेतो, त्याच्याकडे देतोय.

आणि खरं सांग, खायला किती घालतेस? तुझ्या हाताखाली जो आला तो जाडच झाला. चिमूटभर घाल, मूठभर नको. खोलीत काय करतेस ते विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारत नाही. रडतेस, दुसरं काय? रड.

हाजींना सलाम. माशाचं नाव माझ्या पोटात राहील.

मरहून


समाहीज
२४ एप्रिल १९८८

मरहून,

रमजानचा पहिला आठवडा चालू आहे. गहू-मटणाचं हरीस केलं होतं, ताटं तिघांची वाढली. हाजींनी तिसरं ताट शेजारी नेऊन दिलं.

तुझी नळी पोचली. गल्लीतल्या वीजवाल्यानं बसवून दिली. काय जोर आहे तुझ्या पंपाला, टाकी नुसती उसळते! पण भावा, पाणी काही निवळलं नाही. उलट वर तेलकट तवंग येतो. तुझी पिवळी जोडी गेली, दोघं एकाच दिवशी. तुझ्या बायकोला सांगू नकोस, अपशकुन धरेल.

तरी आज मी तुला रडगाणं ऐकवायला बसलेली नाही. मला जे सांगायचंय ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील हिचं डोकं फिरलं.

परवा वाटी काढली. आत चहाच्या रंगाचा फेस. धुवायला नेली आणि वास आला. ऊदाचा! आपल्या घरातला ऊद, मरहून. जवादच्या मानेला यायचा तोच. मी वाटी तोंडाशी धरून मोरीत बसून राहिले. कालही आला. आजही. समुद्राच्या पाण्यातून, माशांच्या घाणीतून माझ्या पोराचा वास येतो.

आता खोलीत काय करते तेही सांगते. गुरुवारी तो मातमच्या, दुखवट्याच्या बैठकीला जायच्या आधी मी त्याचा अंगरखा धुपवायची. काड्यांचा तो पिंजरा असतो ना, त्यावर अंगरखा पसरायचा आणि खाली धुपाटण्यात ऊद टाकायचा. तो म्हणायचा, "बस की, मी मेजवानीला नाही चाललो." आता मी रोज धुपवते, त्याचे सगळे अंगरखे पाळीपाळीनं. दार-खिडकी बंद करते, धूर बाहेर जायला नको. धुपवले नाहीत तर वास उडून जाईल, आणि वास गेला की ते नुसते कपडे.

मी इतके दिवस त्याच्याकडे पाठवत होते, आणि आता तिकडून उत्तर येतंय. हाजींना सांगितलं. ते उठून समुद्रावर गेले. सापळ्यातले मासे काढायची, ओहोटीची वेळही नव्हती.

फेसाची नळी निवडलीस, तुझे उपकार कसे फेडू?

उम्म जवाद


जेद्दा
८ मे १९८८

उम्म जवाद,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. घाईत आहे, थोडक्यात लिहितो.

पंप खोलीतून काढ आणि अंगणात सावलीत ठेव. लांब नळी सोबत पाठवतोय. बंद खोलीत एसी चालू असला की हवा शिळी होते, माशांना ताजी लागते. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही.

नाहीतर असं करू. फेसाची नळी मोठ्या टाक्यांना बरी, तुझ्या टाकीला बंद डबाच योग्य. मी आधी चुकीचा निवडला. हो म्हण, लगेच पाठवतो. मनगटांचं काय ते बघू, धुवायला वीजवाल्याला सांग.

रोजे सांभाळून कर.

मरहून


समाहीज
२ जून १९८८

मरहून,

ईद झाली. कशी झाली ते विचारू नकोस.

तुझं पत्र कोरडं होतं. दुकानदार गिऱ्हाइकाला लिहितो तसं. काही चुकलं का माझं? वासाचं लिहिलं म्हणून तुला मी वेडी वाटले असेन तर तसं सांग, फसवे दिलासे देऊ नकोस.

पंप अंगणात ठेवला. पाणी जरा निवळलं, खोटं का बोलू. मासे खाली उतरले, खाल्लंसुद्धा. पण वाटीत फेस आला तो पांढरा, आणि त्याला कसलाच वास नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी वाटी घेऊन उभी, आणि वाटीत नुसता फेस! वाटलं, पोर रुसलं. मी पंप पुन्हा आत आणला. संध्याकाळी अंगरखे धुपवले, सकाळी वास परत आला.

अंगणातली हवा गरम असते, माशांना सोसायची नाही, म्हणून आणला असं समज.

बंद डबा नको. त्यातून काय बाहेर येणार? पाणी आत, पाणी बाहेर. मला माझी नळी हवी. फेसाची नळी ठेवून पाणी स्वच्छ कसं राहील ते सांग. तीन मासे उरलेत.

उम्म जवाद


समाहीज
११ जून १९८८

मरहून,

मी मक्की. माझं अक्षर वाईट आहे, लावून घे.

तू पंप अंगणात ठेवायला सांगितलंस तेव्हा समजलो की तुला कळलंय. मला आधीच कळलं होतं. दाराच्या फटीतून पाहिलं. धुपाटणं पंपाला लागून असतं. धूर सरळ तिकडे ओढला जातो, नळीतून पाण्यात उतरतो. आमच्या सापळ्यात ओहोटीला मासे अडकतात ते असंच तोंड उघडतात. मला शिकवायला नको.

तिला सांगू नकोस. मासे मरू देत. मासे आहेत ते.

मी टाकी बाहेर काढतो म्हणतो, त्याला ती दुष्टपणा समजते. समजू दे. त्या रात्री पोराच्या खोलीची खिडकी तिनं उघडी ठेवली होती, तो गुदमरतोय म्हणाला म्हणून. थंडी होती. सकाळी दुखणं उसळलं आणि मग इस्पितळातून तो परत आला नाही. ती अजून झोपेत म्हणते, मी खिडकी उघडली. डॉक्टरांनी किती समजावलं. आता पोराचे मासेही आपल्याच हातानं मेले हे तिला कळलं, तर ती उरणार नाही.

मला पोर नाही. मला ही एवढीच आहे.

तू काहीतरी बंद डबा वगैरे लिहीत राहा.

मक्की


समाहीज
९ जुलै १९८८

मरहून,

माझ्या मागच्या पत्राला तू उत्तर पाठवलं नाहीस. पोस्टात हरवलं असं धरून चालते.

आता एकच उरलाय. काळा-पांढरा. टाकीच्या कोपऱ्यात तिरका पडून असतो, मी बोट दाखवलं तरी अंगावर येत नाही. हाजी रात्रीचं जेवताना म्हणाले, "आता एकाचा काय हिशेब, काढून टाकू." माझा तोल गेला. म्हटलं, "त्याचं नाव ठाऊक आहे तुम्हाला? तुमच्या लेकानं त्याला तुमचं नाव दिलंय. काढा आता!" हाजींचा घास हातातच राहिला. मग विचारलं, "माझं? का?" म्हटलं, "सदा चिडलेला असतो म्हणून." ते हसले. जवाद गेल्यावर पहिल्यांदा. मग ताटावरून उठून गेले.

मी तुझ्या पाया पडते. महिन्याभरानं का होईना, मोठी बहीण आहे मी तुझी, असं लिहायला लावू नकोस. कुठला फिल्टर घेऊ, ते सांग. जगातला जो असेल तो सांग. हा मेला तर माझ्याकडे काही उरत नाही.

उम्म जवाद


जेद्दा
२० जुलै १९८८

माझ्या बहिणी,

मला गप्प राहायला सांगितलं होतं. ज्यानं सांगितलं त्यानं तुझ्यावरच्या मायेनं सांगितलं, त्याच्यावर रागावू नकोस. मी पण भित्रा, मला ते सोयीचं पडलं. तुझी पत्रं मिळाली, सगळी. उत्तरं लिहिली आणि फाडली.

बैस आणि वाच.

फेसातला वास तू लावलेल्या ऊदाचाच आहे. पंप खोलीतली हवा ओढतो, त्या हवेत धूर असतो, धूर पाण्यात उतरतो आणि फेसाबरोबर वर येतो. तवंग त्याचाच. वाळू त्यानंच बिघडली. मासे त्यानं मेले. पंप अंगणात होता तेव्हा वास आला नाही, कारण अंगणात धूर नव्हता. तिकडून कुणी काही पाठवत नाही, उम्म जवाद. तू टाकलेलंच तुला परत येतंय.

तुझ्याकडून काय काढून घेतोय ते मला ठाऊक आहे.

दोष वाटून घ्यायचा तर मोठा वाटा माझा. जुन्या पंपानं धूर थोडा थोडा जात होता. दुप्पट जोराचा पंप आणि हवा ओढणारी नळी मी पाठवली. खोलीत काय करतेस हे मी विचारायला हवं होतं. "रडतेस, दुसरं काय" असं लिहून मोकळा झालो. तू बहीण होतीस म्हणून विचारलं नाही. अनोळखी गिऱ्हाईक असतं तर पहिल्यांदा तेच विचारलं असतं, घरात ऊद जाळता का? आपल्याकडे कुणाच्या घरात जळत नाही?

आता फिल्टर. बंद डबा पाठवतोय, त्याच ट्रकवाल्याकडून. तो हवा ओढत नाही. पण नुसत्या डब्यानं भागणार नाही. धूर खोलीत भरला की पाण्याच्या वरून आत उतरतोच. त्या खोलीत ऊद लावायचा नाही. कपडे दुसरीकडे नेऊन धुपव म्हणालो असतो, पण ते परत या खोलीत टांगले की त्यांच्या अंगचा धूर आलाच, आणि तुझे धुपाचे हात, तेच तू पाण्यात घालणार. आजारी माशाला एवढंही पुरतं. दोन्हींतलं एक सोडावं लागेल.

मासा ठेवायचा की वास, हे मी तुझ्यासाठी निवडू शकत नाही. फिल्टर मी निवडून देतो, हे नाही.

आणि खिडकीमुळे कुणी गेलं नाही. ते दुखणं जन्मापासून त्याच्या रक्तात होतं. तो गुदमरतोय म्हणाला, तू खिडकी उघडलीस. कुठल्या आईनं उघडली नसती?

मरहून


जेद्दा
१२ सप्टेंबर १९८८

उम्म जवाद,

ट्रकवाला म्हणतो डबा तुझ्या दारात हाजींच्या हाती दिला. त्यानंतर तुझ्याकडून काहीच नाही. फोन केला, हाजींनी उचलला, "ठीक आहे" म्हणाले आणि ठेवला. काय ठीक आहे?

शिव्या द्यायच्या असतील तर त्याच लिही. पण लिही.

मरहून


समाहीज
३ ऑक्टोबर १९८८

मरहून, माझ्या भावा,

तुझं पत्र वाचून मी ते चुलीत घातलं. डबा अंगणात पडून राहिला. तुझं नाव घरात काढायचं नाही, असं हाजींना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." त्यांनीच तुला गप्प बसवलं होतं हेही मग त्यांनीच सांगितलं, खाली मान घालून. दोघांवर एकदम रागावणं मला झेपेना.

पण तुला एक कबूल करायचंय. तू मला अजाण समजून ते सगळं समजावून सांगितलंस. मला मे महिन्यातच कळलं होतं. पंप अंगणात गेला, मासे सुधारले, वास गेला. इतकं न कळायला मी काय दूधखुळी आहे? तुझं आणि माझं दूध एकच. कळलं, आणि कळूनही मी पंप आत आणला. "पोर रुसलं" हे तुला लिहिताना मी स्वतःलाच लिहीत होते. मासे दिले आणि वास घेतला. जाणूनबुजून, मरहून. खिडकी नकळत उघडली होती. हे मात्र नकळत केलं नाही.

मग तो एकटा कोपऱ्यात तिरका पडलेला. एका संध्याकाळी मी धुपाटणं पेटवलं, अंगरखा पसरला, आणि तो वर आला. तोंड उघडून, काचेला टेकून. जवादला दुखायला लागलं की तो आधी आवाज करायचा नाही, असंच बघायचा. मी धुपाटण्यात पाणी ओतलं. राखेचा चिखल झाला.

हाजींनीच वीजवाल्याला बोलावून, स्वतः दाराबाहेर उभं राहून, डबा बसवून घेतला. अंगरखे मी खोलीतून काढून माझ्या कपाटात ठेवले. पुन्हा धुपवले नाहीत. एकदा धुपवले असते तर थांबता आलं नसतं. रोज एकदा कपाट उघडून नाक लावायची. आधी तो होता, मग ऊद उरला, मग नुसता कपाटाच्या लाकडाचा वास. त्या दिवशी मी ते सगळे घडी करून मशिदीत देऊन आले. परत येताना हात कुठे ठेवायचे ते कळेना.

मासा जगला. आता खातो, अंगावर धावून येतो. पाणी हळूहळू निवळलं. तुझ्या डब्यात खोट नाही, एवढं तुझ्या दुकानासाठी लिहून देते. आता इतकं नितळ आहे की टाकीत पाणी आहे की नाही ते हात घातल्याशिवाय समजत नाही.

काल हाजी खोलीत आले. आपणहून. जवाद गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, "बघू तरी माझं नाव कसं दिसतं." माझ्याशेजारी जमिनीवर बसले. मासा त्यांच्यावर धावून आला, त्यांनी काचेवर बोट टेकवलं. मग त्यांची नजर माशावरून पुढं गेली. जवादनं टाकी खोलीच्या मधोमध ठेवून घेतली होती, आडवं पडल्या पडल्या मासे दिसावेत म्हणून. पाणी गढूळ होतं तोवर पलीकडचं काही दिसत नव्हतं. आता आरपार दिसतं. त्याची खाट, उशी, उशीला पडलेला डोक्याचा खळगा. मी ती उशी हलवलेली नाही.

हाजी बराच वेळ बघत राहिले. मग रडले. मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल असे. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मग मीही. आम्हा दोघांचं एकत्र रडायचं राहूनच गेलं होतं.

शेवटी डोळे पुसून ते म्हणाले, "उम्म जवाद, मरहूनला लिही. विचार त्याला, मासा जगेल पण पाणी थोडं गढूळ राहील, असा एखादा फिल्टर असतो का?"

म्हणून लिहितेय. हसू नकोस. असतो का?

तुझी बहीण
उम्म जवाद